शेडगेमामांचा पुरावा

शेडगेमामांना दर मंगळवारी एक पोस्टकार्ड यायचं, आणि ते टाकणारेही शेडगेमामाच! नव्वदच्या दशकातली गोष्ट. तुर्भ्याच्या आमच्या चाळीत पोस्टमन आला की मामा कार्डावरचा शिक्का उजेडात धरून तपासायचे आणि मजकूर हाताने झाकून आत न्यायचे.

"अहो मामा, हे काय खूळ?" मी एकदा विचारलंच.

"पुरावा, ताई! मालक भाड्याची पावती देत नाय. उद्या म्हनंल, शेडगे हितं राहतच नव्हता. सरकारी शिक्का खोटा पडतोय व्हय?"

मामा साताऱ्याकडचे. बाजारात माथाडी म्हणून आयुष्यभर गोणी वाहिल्या, मागेपुढे कुणी नाही. मालकाला चाळ पाडून इमारत उठवायची होती. त्याने मामांचं पाणी तोडलं, तेव्हापासून मामांचा कुणावर म्हणून विश्वास उरला नाही. मी वाटीभर भाजी नेली तरी, "मालकानं धाडली नाय, ह्याला पुरावा?" माझंही डोकं फिरायचं. मजकूर झाकतात म्हणजे नक्की माझ्याच चहाड्या लिहीत असणार, असं मी धरूनच चालले होते.

एका सकाळी मामा दिवाळे गावच्या कोळीवाड्यात मासळी आणायला गेले. परत येतात तो दाराला मालकाचं कुलूप आणि वळकटी बाहेर गटाराशी! कार्डांची पिशवी तेवढी बगलेत होती. मासळीलासुद्धा ती सोबत न्यायचे.

"ताई, पोलीस चौकीत साक्षीला येता?" मी तशीच निघाले.

चौकीतल्या साहेबांनी मालकाला बोलावून घेतलं, तर तो बेधडक म्हणाला, "हा कधीच सोडून गेलाय, साहेब."

साहेबांनी पिशवी उलटी केली. शिक्के पाहिले, मग एक कार्ड मोठ्याने वाचलं. "शेडगे, जेवलास का? खोकला अंगावर काढू नको." दुसरं वाचलं. "सणाला गोडधोड केलंस का? का नुसताच भात?"

तिसरं त्यांनी वाचलं नाही. मामा चपलेकडे बघत उभे होते. मला माझीच लाज वाटली.

"कोर्टाच्या हुकमाशिवाय भाडेकरूला बाहेर काढता येत नाही. चला, कुलूप काढा," साहेबांनी मालकाला सुनावलं.

पुढच्या सोमवारी मी एक कार्ड टाकलं. 'मामा, रविवारी आमच्याकडे जेवायला या.'

मंगळवारी मामा दारात! कार्ड उलटंपालटं करत म्हणाले, "हे तुमीच लिवलंय, पुरावा?"

"घ्या!" मी तिथल्या तिथे सही ठोकली. "आता ठेवा पिशवीत."

"नाय, ताई. हे कोर्टाला कशाला दावायचं?" असं म्हणून त्यांनी ते सदऱ्याच्या आतल्या खिशात घातलं.