टर्कीला थंडी वाजली

"माझ्या पोरीच्या लग्नात विकतच्या बिअरचा एक जरी डबा दिसला, तर तो मी तळ्यात बुडवीन. आणि त्याच्यामागून तुला."

डेल्मर व्होल्कर हे आपल्या मेहुण्याला, ऑर्व्हिलला सांगत होता, तेव्हा दोघे गोठलेल्या तळ्यावरच्या पत्र्याच्या खोपटात, बर्फाला पाडलेल्या भोकात गळ सोडून बसले होते. ऑर्व्हिलने भोकाकडे नीट पाहिलं. आपण त्यात मावत नाही याची खात्री झाल्यावर तो म्हणाला, "दाजी, ट्रक भरून बिअर माझ्या दारात उभी असेल. फक्त एक फोन करायचा. लाजायचं नाही."

तो फोन करावा लागू नये म्हणूनच तर डेल्मर सगळा हिवाळा खपत होता.

घरी लागर, म्हणजे थंडीत मुरवायची बिअर, बनवणं तसं सोपं; तिला जागा देणं कठीण. फसफसत असते तेव्हा तिला विहिरीच्या पाण्याइतका गारवा लागतो, आणि फसफसून झाली की पुढचे कित्येक आठवडे तिला जवळजवळ बर्फात निजवावं लागतं. एका फ्रिजात ही दोन हवामानं नांदत नाहीत, आणि डेल्मरच्या गराजमध्ये फ्रिज एकच. तेव्हा त्याने कुठल्याही सेनापतीने केलं असतं तेच केलं: शेजारचा मुलूख घेतला. म्हणजे स्वयंपाकघरातला फ्रिज.

पहिल्या खेपेचं पिंप तिथे निजलं. त्याच्या झोपेसाठी थंडी अशी वाढवली, की दुधात खडे झाले, सॅलडची पानं बांगड्यांसारखी किणकिणू लागली आणि लोण्यावर सुरी मोडली. उरलेलं सामान बायकोने, आर्डिसने, मागच्या पायऱ्यांवर बर्फात मांडलं. तिथे रॅकून या चोरट्या रानजनावरांचं एक कुटुंब रोज जेवायला येऊ लागलं. इतकं नेमाने, की त्यांनाही लग्नाचं आमंत्रण द्यावं, असं आर्डिस म्हणत असे.

दुसरी खेप गराजच्या फ्रिजात, काचेच्या मोठ्या बरणीत फसफसत होती. शबॉयगन गावच्या बर्फाळ फेब्रुवारीत गराज फ्रिजपेक्षा गार. त्यामुळे आत ऊब द्यायला दिवा बसवलेला. दिवा कधी पेटायचा, हे एक डबी ठरवी. डबीची वायर बरणीला चिकटवलेली. बरणी गारठली की दिवा पेटे. बिनचूक काम!

आता तिकडे खोपटात ही बढाई चालली होती, तेव्हा इकडे काय चाललं होतं ते ऐका. रविवारी होणारे व्याही जेवायला यायचे होते. त्यांच्यासाठी आर्डिसने अख्खी टर्की कोंबडी आणली होती, गोठून धोंडा झालेली. तिला हळूहळू मऊ व्हायला फ्रिज हवा. स्वयंपाकघरातल्या फ्रिजात पिंप, पायऱ्यांवर रॅकून. राहिलं गराज. बरणी सरकवून टर्की कोंबताना वायर सुटली. आर्डिस नीटनेटकी बाई, लोंबती वायर तिला बघवेना. तिने ती हाताशी आलेल्या पहिल्या वस्तूला छान चिकटवली.

डबीला कळलं, की कुणीतरी थंडीने मरायला टेकलंय. ते कधीच मेलेलं आहे, हे तिला कोण सांगणार? तिने दिवा पेटवला आणि विझू दिलाच नाही.

डेल्मरने परत येऊन गराजचं दार वर केलं, तर आतून पिकल्या केळ्यांच्या वखारीचा वास आला; उबेत फसफसलेल्या लागरला तो लागतोच. फेस फ्रिजच्या दारातून उतरून गाडीच्या चाकापर्यंत पोचला होता. टर्की आतून अजून धोंडाच होती.

"वायर टर्कीला कुणी लावली?"

"मी. पडली होती," आर्डिस म्हणाली. "आणि डेल, तुझं पिंप माझ्या फ्रिजात नसतं, तर माझी टर्की तुझ्या फ्रिजात आली असती का?"

डेल्मरने चाक पुसायला घेतलं.

नवी खेप लग्नापर्यंत तयार होणं शक्य नव्हतं. ऑर्व्हिलचा नंबर त्याने कितीदा तरी फिरवला आणि घंटी वाजायच्या आत फोन ठेवला. शेवटी ठरलं: चांगली लागर पुढे मांडायची, केळ्याच्या वासाची टेबलाखाली झाकायची, आणि अगदीच गळ्याशी आलं तर बाहेर काढायची.

लग्नात ऑर्व्हिल नाक वर करून फिरत होता. चांगल्या लागरमध्ये खोट सापडेना, म्हणून त्याने टेबलाची चादर उचलली.

"दाजी, हे काय लपवलंय?"

"घरच्यांसाठी आहे," डेल्मर म्हणाला. "आमच्या पणजोबांची रीत. बाहेर कुणाला देत नाही."

ऑर्व्हिलने एक ग्लास घेतला. दुसरा घेतला. मग तो गेला आणि मांडवभर सांगून आला. रांग लागली. नवरदेवाची आजी रांगेत दोनदा दिसली. आठवडेच्या आठवडे निजवलेली, आरशासारखी नितळ लागर पुढे तशीच उभी राहिली. विकतचा डबा एकही लागला नाही, आणि डेल्मर जिंकला.

निघताना ऑर्व्हिलने त्याला मिठी मारली. "दाजी, सप्टेंबरात आमच्या पोराचं, कर्बीचं लग्न. हीच हवी, दोन पिंपं. ते दुसरं पिवळं पाणी मात्र आणू नका."

पिवळं पाणी जवळजवळ भरल्या पिंपाने घरी परतलं आणि पुन्हा स्वयंपाकघरातल्या फ्रिजात जाऊन निजलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आर्डिस दुधातले खडे चमच्याने फोडत होती. डेल्मर जरा वेळ तिच्यामागे घोटाळला.

"काय गं, ती टर्की किती वजनाची होती?"

"सांगते," आर्डिस म्हणाली. "आधी हे पिंप बाहेर काढ."