एकदाच विचारणाऱ्यांच्या देशात

राजेश्री हॉलंडला निघाली तेव्हा अख्ख्या ताडकळसने तिला सल्ले दिले. शाळेतले सर म्हणाले, पासपोर्ट अंगावेगळा करू नकोस. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले आबासाहेब म्हणाले, विमानात मागच्या सीटवर बसू नको, लय आदळतंय. शेजारच्या चांगुणाबाई म्हणाल्या, तिकडल्या पाण्यानं न्हाऊ नको, केस गळतेत. इतक्या सल्ल्यांतून राजेश्रीने एकच सल्ला मनापासून पाळायचं ठरवलं, आणि तो तिच्या आईचा होता. (बाकीच्यांपैकी कुठलाही पाळला असता तर ही गोष्ट घडलीच नसती. फार तर केस चिकट राहिले असते.)

आई, म्हणजे कमलबाई, धपाटे थापता थापता म्हणाल्या होत्या, "लोकाच्या घरी ऱ्हायचंय तुला. एक ध्यानात ठेव. कुणी काही इचारलं की पहिल्या झटक्याला हो म्हणायचं न्हाई. नको म्हणायचं. तिसऱ्यांदा इचारलं की मंग म्हणायचं, 'बरं, थोडंसं.' न्हाईतर लोक म्हणतेत, कमलबाईची पोरगी जल्मात खाल्लं न्हाई तशी करायली."

आता हा काही कमलबाईंनी काढलेला नियम नव्हता. ताडकळसमध्ये पहिला नको म्हणजे रीत, दुसरा नको म्हणजे संस्कार, आणि तिसऱ्या नकोला वाढणारी बाई ऐकतच नाही. ताटावर हात आडवा धरला तर हातावर वाढते. चांगुणाबाई चहाला येत, तेव्हा "नको गं बाई" असं दारातूनच म्हणत, नको म्हणत चपला काढत, नको म्हणत भिंतीला टेकून बसत, आणि बशी चाटूनपुसून झाली की म्हणत, "उगंच केलास." राजेश्री तर मुळातच भिडस्त. वर्गात हजेरीला 'यस सर' म्हणताना सुद्धा तिचा आवाज पुढच्या बाकापर्यंत पोहोचत नसे. 'नको' हा शब्द तिला हलका जायचा. मान खाली घालून, न बोलता सुद्धा म्हणता यायचा.

तिने अकरावीत येलदरी धरणाच्या पाण्यावर एक प्रकल्प केला होता. तो एका संस्थेला आवडला आणि पाण्याच्या अभ्यासाच्या उन्हाळी वर्गासाठी तिची निवड झाली. तीन आठवडे हॉलंड. शिकणं आणि फिरणं, दोन्ही फुकट. वडील भुजंगराव फार बोलणारे नाहीत. निघताना ते एवढंच म्हणाले, "शिकशील तर खरंच. मला तेवढा समुद्र दाखव."

भुजंगरावांनी पन्नाशीपर्यंत येलदरीपेक्षा मोठं पाणी पाहिलेलं नव्हतं. पेरणी, खुरपणी, गुरं यांतून समुद्र बघायला सवड कुणाला? संस्थेच्या पत्रात दुसऱ्या रविवारी यजमानांबरोबर समुद्राची सहल लिहिलेली होती. मुलगी विमानात बसते न बसते तोच त्यांनी चहाच्या हॉटेलात जाहीर केलं की दुसऱ्या रविवारी दुपारी आपली राजू समुद्र लाइव्ह दाखवणार आहे. मारुतीच्या देवळात टीव्ही लावू. सगळ्यांनी या.

राजेश्रीची राहण्याची सोय मार्लिसबाईंच्या घरी होती. बाई ज्वारीच्या ताटासारख्या सरळ आणि उंच, बोलणंही तसंच. तिच्याच खोलीत वर्गातली, स्पेनची लुसिया नावाची मुलगी होती. पहिल्या संध्याकाळी टेबलावर लोण्यात परतलेले बटाटे, गरम पाव आणि सफरचंदाचा केक आला. वास असा, की विमानात काही न खाल्लेल्या राजेश्रीचं पोट आतून टाळ्या वाजवू लागलं.

"बटाटे घेणार?" मार्लिसबाईंनी विचारलं.

"नो, थँक यू," राजेश्री गोड हसून म्हणाली आणि दुसऱ्या विचारण्याची वाट पाहू लागली.

भांडं लुसियाकडे गेलं. लुसिया प्रश्न संपायच्या आत 'यस' म्हणणारी. मग पाव आला. नको. केक आला. नको. प्रत्येक वेळी बाई "ओके" म्हणाल्या आणि पुढे गेल्या. शेवटी सगळं फ्रिजमध्ये गेलं, आणि दार लागता लागता आतला दिवा विझताना राजेश्रीने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. त्या रात्री तिने पांघरुणात तोंड घालून शेंगदाण्याच्या चटणीशी धपाटा खाल्ला. (कुरकुर आवाज येऊ नये म्हणून चटणीतला लसूण चावला नाही, गिळला.)

दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला.

"जेवलीस का?"

"बाईनं एकदाच विचारलं."

"मंग तू काय म्हणलीस?"

"नको."

"शाबास!" कमलबाईंचा ऊर भरून आला. "नाव राखलंस माय."

मागून भुजंगराव म्हणाले, "अगं पण पोरगी उपाशी ऱ्हायली ना."

"उपाशी कशानं ऱ्हाती? धपाटे दिलेत की. आन् ती बाई पहिलाच दिस म्हणून लाजली आसंल. उद्या इचारंल तीनदा."

बाई लाजल्या नव्हत्या. त्या रोज सगळं विचारत होत्या, आणि रोज एकदाच. आणखी एक रजई देऊ? नको. (राजेश्री दोन पंजाबी ड्रेस एकावर एक घालून झोपली.) पाऊस आहे, गाडीने सोडू? नको. (वर्गात ती भिजलेल्या कोंबडीसारखी पोहोचली.) कॉफीबरोबर बिस्किटाचा डबा फिरायचा, समोर आला की नको, आणि झाकण 'टप्' करून बसायचं. तो आवाज पुढे तिच्या स्वप्नात येऊ लागला.

वर्गातही तेच. सगळे पवनचक्की बघायला गेले. वर चढणार का, असं माहिती देणाऱ्याने विचारलं. राजेश्री नको म्हणाली आणि खाली सगळ्यांच्या पिशव्या धरून उभी राहिली. कालव्यातून नावेची सफर होती. बसतेस? नको. नाव गेली. अशा रीतीने राजेश्रीने हॉलंड बहुतेक काठावरूनच पाहिलं.

दुसरा आठवडा संपत आला. धपाटे संपले, चटणी बोटाने पुसून झाली. पण तिने धीर सोडला नव्हता, कारण रविवार जवळ आला होता. शनिवारी सकाळी मार्लिसबाई म्हणाल्या, "उद्या मी आणि लुसिया समुद्रावर जातोय. येतेस?"

राजेश्रीचं काळीज उडालं. पाय उडाले. फक्त जीभ जागच्या जागी राहिली आणि सवयीने म्हणाली, "नो, थँक यू."

"ओके," बाई म्हणाल्या.

तो सगळा दिवस राजेश्री त्यांच्या मागे मागे फिरली, त्यांनी पुन्हा विचारावं म्हणून. त्या भांडी घासत होत्या, तेव्हा ही शेजारी उभी.

"समुद्र लांब आहे का?"

"तासभर."

"मोठा असतो?"

"खूप मोठा."

"पाणी खोल असतं?"

बाईंनी हात पुसले आणि तिच्या खांद्यावर ठेवले. "राजेश्री, घाबरू नकोस. तुला कुणीही जबरदस्ती करणार नाही. तू निवांत घरी बस. तुझ्या जागेवर मी पिमला न्यायचं ठरवलंय."

पिम म्हणजे शेजाऱ्यांचा कुत्रा.

रविवारी सकाळी छोटी गाडी फाटकाबाहेर उभी राहिली. मागची अर्धी जागा खुर्च्या आणि छत्र्यांनी भरलेली, उरलेली अर्धी राजेश्रीची. शेजारीणबाईंनी कुत्र्याला एकदाच विचारलं आणि तो उडी मारून तिथे बसला. कुत्र्यालाही कळलेली गोष्ट आपल्याला कळली नाही, असा विचार राजेश्री करत होती, तेवढ्यात हातातला फोन वाजला. भुजंगराव व्हिडिओवर होते. चित्र नीट दिसतंय का ते बघायला त्यांनी आधीच फोन लावला होता, आणि त्यांच्या मागे देवळाचा सभामंडप खचाखच भरला होता.

"राजू! दिसायलीस गं, लय झकास दिसायलीस! निघालात का समुद्राकडं?"

राजेश्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. टीव्हीवर ते ताटाएवढं दिसलं असणार.

"पप्पा, ते निघाले. मी न्हाई."

"काहून?"

"मी नको म्हणाले."

कमलबाईंनी फोन हिसकावला. "बरोबर हाय की. मंग दुसऱ्यांदा काय म्हणली बाई?"

"आई, इथं दुसऱ्यांदा कुणी इचारतच न्हाई. नको म्हणलं की त्यांना खरंच वाटतंय."

सभामंडपातले लोक एकमेकांकडे बघू लागले. जिथे कुणी दुसऱ्यांदा विचारत नाही असा देश पृथ्वीवर असेल, याचा कुणी विचारच केला नव्हता.

"अगं माय माय," चांगुणाबाई हळूच म्हणाल्या. "मंग तिथले पाव्हणे जेवतेत कसे?"

गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.  भुजंगरावांनी नुसती टोपी काढली आणि परत घातली. ते पाहून कमलबाईंनी जन्मात केलं नव्हतं ते केलं.

"राजे! पळ! जाऊन हो म्हण!"

"आता कुणी इचारलंच न्हाई, आई. हो कशाला म्हणू?"

"न इचारता म्हण! पळ आधी!"

राजेश्री पळाली. टीव्हीवर ताडकळसला एकदा आभाळ दिसलं, एकदा चपला, एकदा कुणाच्या तरी बागेतला गुलाब, पुन्हा आभाळ. ("भूकंप झाला का काय तिकडं," आबासाहेब म्हणाले.) आणि वर्गात हजेरीपुरता सुद्धा न उमटणारा आवाज त्या स्वच्छ, शांत गल्लीत असा घुमला की दोन खिडक्या उघडल्या.

"यस! यस, थँक यू! यस! यस!"

गाडी थांबली. मार्लिसबाईंनी काच खाली केली. "कशाला यस?"

"सगळ्याला!" राजेश्री धापा टाकत म्हणाली. "समुद्राला यस! बटाट्याला यस! रजईला यस, केकला यस, बिस्किटाला यस!"

"पण तू तर नको म्हणाली होतीस."

"आमच्याकडे पहिला नको खरा नसतो."

बाई विचारात पडल्या. "म्हणजे आल्यापासूनचे ते सगळे नको?"

"खोटे होते."

मार्लिसबाईंनी कपाळाला हात लावला. आपला स्वयंपाक या मुलीला घशाखाली उतरत नाही, असं वाटून त्या रोज नवं काहीतरी करून पाहत होत्या. त्यांनी पिशवीतून बिस्किटाचा डबा काढला आणि राजेश्रीसमोर धरला. "घेतेस?"

"यस!"

त्या दिवशी झाकण बसलंच नाही.

पिमने जागा सोडली नाही, पण मांडीवर यायला तो तयार झाला. त्यामुळे तासाभराने समुद्र आला तेव्हा ताडकळसला आधी एक मोठी गुलाबी जीभ दिसली. मग राजेश्रीने फोन वर उचलला.

सभामंडपात मागचे लोक उभे राहिले.

"पलीकडचा काठ कुठं हाय?" भुजंगरावांनी विचारलं.

"दिसत न्हाई, पप्पा."

"येलदरीला दिसतोय," आबासाहेब जरा अभिमानाने म्हणाले. "आन् दरवाजे किती हायेत ह्याला?"

 भुजंगराव उठले, टीव्हीजवळ गेले आणि लाट आली तिथे पडद्याला हात लावून पाहिला. मग तो हात त्यांनी धोतराला पुसला.

उरलेला आठवडा राजेश्रीने व्याजासकट वसूल केला. ती पवनचक्कीवर चढली, नावेत बसली, आणि लुसियाच्याही आधी यस म्हणू लागली. विमानतळावर निरोप घेताना तिचे डोळे भरून आले. आपल्याकडे एसटीत शेजारी बसलेल्या माणसाला सुद्धा उतरताना म्हणतात, तसं ती रीतीप्रमाणे मार्लिसबाईंना म्हणाली, "या ना एकदा आमच्या गावाला."

"यस," बाई म्हणाल्या. त्याही रीत पाळतायत, असं वाटून राजेश्रीला फार बरं वाटलं.

गावात पोचल्यावर पहिल्यांदा भेटल्या चांगुणाबाई. हातात बादली, म्हशीकडे निघालेल्या. जाता जाता म्हणाल्या, "आलीस का गं? चहा घेतीस का?"

"हो," राजेश्री म्हणाली.

चांगुणाबाईंची बादली खाली पडली. घरात साखर नव्हती, दूध अजून म्हशीतच होतं, आणि त्यांनी नुसतं विचारलं होतं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की कमलबाईची पोरगी परदेशातून खादाड होऊन आली.

"पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागतंय हिला," कमलबाई कपाळ बडवत म्हणाल्या. तेवढ्यात राजेश्रीचा फोन वाजला. मार्लिसबाईंचा मेसेज होता. तू बोलावलंस त्याप्रमाणे डिसेंबरात येते. तिकीट काढलं. बारा दिवस राहीन.

कमलबाई मटकन खाली बसल्या. "तू कितींदा बोलावलीस तिला?"

"एकदाच."

"एका बोलावण्याला कुणी विमानात बसतंय का!" पण मग त्या उठल्या, पदर खोचला आणि घरावरून नजर फिरवली. शेवटी पाव्हणी ती पाव्हणी. "खाट एकच हाय. तिच्यावर बाई झोपंल. नवी गोधडी बी तिलाच. तू बारा दिवस खाली फरशीवर झोपायचं. झोपशील ना?"

डिसेंबरात परभणीकडची फरशी कशी असते हे राजेश्रीला चांगलं माहीत होतं. इथे नको म्हणायला हवं होतं, निदान दोनदा. पण शेवटच्या आठवड्यात वळण लागलेली जीभ तिच्याही आधी धावली.

"हो."

कमलबाईंनी दुसऱ्यांदा विचारलं नाही.