पाय काढ

पिपाणीची गिटार कपाटावर गेली, त्याच आठवड्यात तिच्या बाबांकडे बंडखोरीवर बोलाल का अशी विचारणा झाली.

गिटार कपाटावर टाकली होती ती बाबांनीच. ते इमारतीचे सेक्रेटरी. अध्यक्षकाकांनी कान भरले आणि बाबांनी लिफ्टशेजारी सूचना डकवली, 'इमारतीत कोणतेही वाद्य वाजवू नये.' खाली झोकदार सही. पुढच्या आठवड्यात, शनिवारी, शाळेत पिपाणीच्या बँडचा पहिलावहिला कार्यक्रम होता. सरावाला जागा नव्हती. बाबा म्हणत शाळेत कर, शाळा म्हणे घरी करा. पिपाणी हे तिचं खरं नाव नव्हे. तान्हेपणी तिने जो सूर लावला होता त्यावरून ते पडलं आणि मग उतरलंच नाही.

आणि आवाज करू नकोस हे सांगत कोण होतं, तर 'गंज' या पंक बँडचा गायक! बाबा तरुणपणी पंक होते हे घरात कुणी विसरू शकत नसे, कारण बाबा विसरू देत नसत. कपडे वाळत घालता घालता ते सांगत, "आम्ही व्यवस्थेला लागलेला गंज होतो." लग्नानंतर कितीतरी दिवस आईची समजूत अशी होती की हे नाव स्वयंपाकघरातल्या गंजावरून, म्हणजे पातेल्यावरून, ठेवलंय.

'गंज'ची एकूण इस्टेट म्हणजे एक कॅसेट. एका बंद पडलेल्या मोटार गॅरेजमध्ये, समोर लोक नाचत असताना भरलेली. शेवटच्या गाण्याच्या शेवटी बाबा जीव तोडून ओरडतात, "पाय काढ! पाय काढ!" मग सगळं गॅरेज ओरडतं. "माणसाच्या मानेवर पाय देऊन उभ्या असलेल्या प्रत्येकाला ती आरोळी होती," हे बाबांचं ठरलेलं वाक्य. एवढं बोलून ते खिडकीबाहेर बघत. बाहेर पाण्याची टाकी होती.

कुणीतरी ती कॅसेट इंटरनेटवर चढवली आणि कॉलेजातली मुलं छातीवर 'पाय काढ' छापून हिंडू लागली. म्हणून एका कार्यक्रमाची मुलाखतवाली ताई रविवारी रेकॉर्डर घेऊन घरी येणार होती. तिला जुना बँड सगळाच्या सगळा हवा होता.

बाबांनी जुना टी-शर्ट शोधला. तो गळ्यातून उतरला, पण पोटाशी येऊन त्याने संप पुकारला. शेवटी नवाच एक कात्रीने फाडला. "अहो, तो ऑफिसला घालायचा होता," आई म्हणाली, पण तोवर बाही गेली होती.

ड्रमवाले आता दातांचे डॉक्टर झाले होते. ते वेळेवर आले आणि आल्या आल्या सगळ्यांचे दात बघून घेतले, बोलता बोलता, सवयीने. बेसवाले खांबकाका मात्र यायचे होते. स्टेजवर ते एकदा उभे राहिले की नजर तारांवर आणि पाय जमिनीत. जागचे हलत नसत, म्हणून खांब.

बाबांनी रेकॉर्डरसमोर घसा साफ केला आणि मानेवरचा पाय, आरोळी, सगळं ओळीने सांगितलं. मुलाखतवाल्या ताईचे डोळे भरून आले. तिने बाही वर सारली. मनगटावर कायमचं गोंदलेलं होतं, 'पाय काढ'.

"पाय, आणि हातावर?" आईने पिपाणीच्या कानात विचारलं.

एवढ्यात खांबकाका आले. जाडजूड बूट, मऊ आवाज. दार नुसतं लोटून ते आत आले, बाबांकडे प्रेमाने बघत राहिले आणि म्हणाले, "अरे, तुझं ते नख आलं का रे परत?"

"कुठलं नख?" ताईने रेकॉर्डर त्यांच्यापुढे सरकवला.

खांबकाका साधे. त्यांनी सगळं सांगून टाकलं. गॅरेजमध्ये जागा टीचभर, त्यांचा बूट बाबांच्या अंगठ्यावर पडला. बाबा ओरडले, पाय काढ.

"मग काढायचा ना!" पिपाणी म्हणाली.

"मला वाटलं कोरस आहे, बाळा. सगळेच म्हणत होते."

डॉक्टरकाका दात न लपवता हसले. बाबा इतक्या तालात ओरडत होते, की त्यांनीही गाणं थांबवलं नव्हतं. आणि ओघात त्यांनी हेही सांगितलं, की ड्रम परवडत नव्हता म्हणून ते स्वतःच्या आईच्या गंजावर सराव करायचे, नाव त्यावरूनच पडलं. आईने कोणाकडेही न बघता चहा गाळला.

मुलाखतवाल्या ताईने बाही हळूच खाली ओढली. मनगट झाकलं गेलं.

बाबांचा चेहरा पिपाणीने असा कधी पाहिला नव्हता. उभ्या आयुष्यात त्यांनी एकच मोठी गोष्ट केली होती आणि ती आता अंगठ्याएवढी उरली होती. "साफ खोटं," ते म्हणाले. "गाणं कसं होतं ते दाखवतोच. पिपाणे, गिटार काढ."

हे दोनदा सांगावं लागलं नाही. ती स्टुलावर चढलीसुद्धा. आईने, न मागता, मोठा गंज आणि दोन डाव आणून डॉक्टरांपुढे ठेवले. खांबकाका आपल्या जागी, म्हणजे बाबांना चिकटून, हातात काहीच नसताना बेस धरल्यासारखे उभे राहिले. पिपाणीने पहिला फटका मारला आणि शोकेसमधल्या काचा थरथरल्या. अख्खा आठवडा साठलेला आवाज होता तो.

बेल वाजली असेल, पण ऐकतंय कोण! लोटलेलं दार उघडून अध्यक्षकाका उंबऱ्यात उभे. हातात लिफ्टशेजारची सूचना, एक पाय घरात.

"सेक्रेटरी, ही सही कुणाची आहे?"

बाबा दचकले, अर्धं पाऊल मागे सरले आणि सरले ते नेमके खांबाखाली.

"पाय काढ!"

गिटार थांबली. गंज थांबला. अध्यक्षकाकांनी खाली, उंबऱ्याच्या आत आलेल्या आपल्या पायाकडे बघितलं. इमारतीत आजवर त्यांना कुणी 'जरा सरका' म्हणालं नव्हतं.

"पाय काढ म्हणतोय ना!" बाबांच्या डोळ्यांत पाणी होतं.

अध्यक्षकाकांनी पाय काढला. मग दुसराही. सूचना उंबऱ्यात पडली आणि जिन्यावरून चपलांचा आवाज खाली खाली जात राहिला.

"सर," ताईने बाही पार कोपरापर्यंत वर केली, "हे रेकॉर्ड झालंय." तिला कुणी काही सांगितलं नाही. खांबकाका तर अजून नसलेल्या तारांकडेच बघत होते.

सगळे गेल्यावर पिपाणीने बर्फ आणला. बाबांनी मोजा काढला. अंगठा जांभळा पडला होता.

"अध्यक्षकाकांना सांगून येऊ का? की ते त्यांना नव्हतं, खांबकाकांना होतं म्हणून?"

बाबांनी खिडकीबाहेरच्या टाकीकडे बघितलं. सांगितलं तर सेक्रेटरीपद वाचत होतं. नाही सांगितलं तर क्रांती.

"तुमचा तो सराव," ते म्हणाले, "किती जणी असता?"

"चौघी. हॉलमध्ये मावू आम्ही."

"बरं." त्यांनी बर्फ अंगठ्यावर दाबला. "फक्त त्यांना सांग, बूट बाहेर काढून या."