साळवेकाकांचा वरवंटा

साळवेकाका आमच्या घरी आले की आधी ओणवे होऊन फरशीला तळहात लावायचे. ताप बघावा तसा. मग हिरमुसून म्हणायचे, "गारच हाय."

ऐंशी सालाच्या आसपास ते द्वारका चौकाजवळच्या आमच्या चाळीत शेजारी आले. बोअरचं काम करायचे म्हणे. मी विचारलं, "काका, आमच्याकडे पाणी लागेल का?" ते दुखावलेच. "पाणी कोण बघतं? आम्ही आग बघायचो." कोकणातल्या गरम झऱ्यांजवळ जमिनीला खोल भोक पाडून खालचा खडक किती तापलाय ते पाहायचं, ही त्यांची सरकारी नोकरी. ती सुटली, सवय सुटली नाही. उकळता चहा फुंकर न घालता घशाखाली. मी साहेबाच्या तुसडेपणाची तक्रार केली, तर म्हणाले, "वर गारच लागंन. खोल जा." मी खोल गेलो, साहेबाला घरचं विचारलं. बदली होता होता राहिली.

एका जानेवारीत आमचा वरवंटा फुटला. काकांच्या दारापुढच्या ओट्यावर एक काळा, गुळगुळीत, लांबोळका दगड होता. विचारायचं कशाला? उचलला. बायकोनं त्यानं मिरचीचा ठेचा वाटला. मी तिसरी भाकरी मोडतोय तर काका दारात. फरशीला हात न लावता.

"भाऊ, माझा दगड दिसला का?"

तोंड भरलेलं होतं. मी पाट्याकडे बोट केलं. काका पांढरेफटक पडले.

"ती खडकाची कांडी हाय, भाऊ. आमच्या शेवटच्या भोकातली. वर आली तवा हातात धरवत नव्हती."

दगड उचलून ते निघाले. माफी मागायला मी मागोमाग गेलो आणि उंबऱ्यातच थिजलो. काकू अंथरुणात होत्या. बाहेर दिसत नाहीत म्हणून मी त्यांना शिष्ट समजत होतो. त्यांचे पाय लुळे पडले होते.

काकांनी दगड साबणानं तीनदा धुतला, शेगडीवर ठेवला, मग स्वतःच्या गालाला टेकवून पाहिला. "थंडीत तिचे पाय बर्फ व्हतात. पण भाजलं तरी तिला कळत नाय. म्हणून आधी मी बघतो."

"काका, विटेनंही शेकता येतं की."

"येतं." दगड स्वेटरच्या बाहीत गुंडाळून त्यांनी तो काकूंच्या पायांशी सरकवला. "पण सारी नोकरी मी तिकडं, ही घरी एकटी. हिच्यासाठी तिकडून एवढीच ऊब आणली."

काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ठेचा एकट्यानंच खाल्ला व्हय, भाऊ?"

तीनदा धुऊनही दगडाला राहिलेल्या मिरचीचा खाट शेगडीवरून खोलीभर पसरला होता. काकांनी डोळे पुसले. मीही पुसले. ठेचा खरंच फार झणझणीत झाला होता.