पोटाला कान लावणारे सोपानआबा

आमच्या अंथुर्ण्यात सोपानआबांच्या देखत "बरं वाटत नाही" असं म्हणायची सोय नाही. म्हणणाऱ्याला ते भिंतीशी उभं करतात, सदरा वर घ्यायला लावतात आणि डाव्या कुशीला कान लावून डोळे मिटतात. गाईचं कोटीपोट, म्हणजे चारा साठवायचं मोठं पोट, डाव्या बाजूला असतं, माणसाला कोटीपोट नसतंच, हे मी त्यांना अनेकदा सांगितलं आहे. "पोट ते पोट," एवढंच त्यांचं उत्तर. मागच्या निवडणुकीत मतं मागायला आलेला एक उमेदवार ढेकर देत "जरा ॲसिडिटी झालीय" म्हणाला. बिचाऱ्याला माहीत नव्हतं. आबांनी सगळ्या कार्यकर्त्यांसमोर त्याचा झब्बा वर केला, कान लावला आणि जाहीर केलं, "आत काय हालतच न्हाय. ह्यो बाहेर काय हालवणार?"

उमेदवार पडला. आबा त्याचं श्रेय घेत नाहीत, पण कुणी दिलं तर नाकारतही नाहीत.

आबा पशुधन पर्यवेक्षक होते. इंदापूर-बारामतीकडच्या गोठ्यांत हिंडून त्यांनी गुरांना इंजेक्शनं दिली, अडलेली वासरं ओढून काढली आणि मालकांना शिव्या दिल्या. त्यातली पहिली दोन कामं निवृत्तीनंतर सुटली. लग्नातलं उरलेलं अन्न गाईला पुण्य म्हणून चारणाऱ्यांवर त्यांचा विशेष राग. "वरणभात-जिलबी खाऊन गाय मरती! हे पुण्य न्हाय, खून हाय!" असं ते एकदा अक्षता पडताना ओरडले होते. तेव्हापासून त्या भावकीतून त्यांना पत्रिका येत नाही.

मी त्यांची शेजारीण. बारामतीच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. आबा मला "मास्तरीण" म्हणतात आणि जगातल्या सगळ्या जंतूंच्या वर्तणुकीबद्दल मला जबाबदार धरतात. घरात कुणाला जुलाब झाले की सकाळी माझ्या दारात उभे. "तुझे जंतू आलते बघ काल."

हे सगळं हसण्यावारी जात होतं, तोपर्यंत सुमनकाकी विसरायला लागल्या.

काकी म्हणजे आबांच्या पत्नी. गोठ्यातल्या प्रत्येक गाईची आई, आजी, पणजी त्यांना नावानिशी पाठ. त्या काकींनी एक दिवस भाजीत दोनदा मीठ टाकलं. मग गॅसवर रिकामं पातेलं ठेवून अंगणात जाऊन बसल्या. एकदा दुकानातून घरी यायचा रस्ता सापडेना, म्हणून तिथेच पायरीवर बसून राहिल्या आणि विचारलं तर म्हणाल्या, "कोन तरी न्यायला येनार हाय." मी दोघांना माझ्या गाडीतून बारामतीला मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तपासण्या झाल्या. बाईंनी आजाराचं नाव सांगितलं, अल्झायमर.

"बरा कवा हुईल?" आबांनी विचारलं.

बाईंनी सावकाश, नीट समजावून सांगितलं की हा आजार पूर्ण बरा होत नाही, सांभाळावा लागतो. परतीच्या वाटेवर आम्ही भवानीनगर ओलांडलं. पुढे एका ट्रॅक्टरवाल्यानं आडवी ट्रॉली घातली, तर गाडीतून उतरून त्याला त्यांनी इतकं सोललं की मागे रांग लागली. काकी खिडकीतून मजेत बघत होत्या. "कोन हाय गं त्यो माणूस?" त्यांनी मला विचारलं. "लई तापट दिसतो."

मग कुणीतरी आबांना मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. आतड्यातले जिवाणू आणि अल्झायमर. मी आंघोळ करून बाहेर येते तर हे अंगणात फोन नाचवत उभे.

"मास्तरीण! सापडला गुन्हेगार! तुझेच जंतू निघाले!"

मी चहा ठेवला आणि त्यांना समजावायला बसले. आपल्या आतड्यात अगणित जिवाणू राहतात, त्यातले बरेचसे आपल्या उपयोगाचे. या आजाराच्या माणसांत त्यांची वस्ती वेगळी दिसते, असं काही संशोधकांना आढळलं आहे. उंदरांवर प्रयोग चालू आहेत. पोट आणि मेंदू एकमेकांना निरोप धाडतात, हेही खरं. पण आधी पोट बिघडतं आणि मग मेंदू, की आजारामुळे माणसाचं खाणं बदलतं आणि म्हणून पोट बिघडतं, ते अजून नक्की कळलेलं नाही. "सध्या इतकंच म्हणता येतं आबा, की दोन्हींचा संबंध दिसतो."

"संबंध?" आबांनी कप आपटला. "संबंध म्हंजे काय? सोयरीक हाय का भांडण हाय? कोन कुणाच्या घरात घुसलंय? एवढी शिकलीस आन संबंध दिसतो म्हनतीस? संबंध तर मला माझ्या मेव्हण्याचा बी दिसतो!"

मलाही राग आला. विज्ञान म्हणजे काय माझ्या खिशातली चावी आहे, की काढली आणि लावली? मी तसं बोलले. आबा चहा अर्धा टाकून गेले. दुपारी ताक घेऊन परत आले.

तिथून ताकाचं राज्य सुरू झालं. सकाळी आंबील, दुपारी ताक, संध्याकाळी पुन्हा ताक. औषधाच्या दुकानात कुणी सर्दीला अँटिबायोटिक मागितलं की आबा मागून गरजायचे, "आतली सगळी बरी माणसं मारून टाक! मग बस विसरत!" गावातली पोरं त्यांना बघितलं की थंड पेयाची बाटली पाठीमागे लपवायची. पुढाऱ्यांनाही इतका मान मिळत नाही.

घरात मात्र हे हसण्यासारखं नव्हतं. काकींना ताक आवडत नसे. आबा समोर उभे राहून ओरडायचे, "पी म्हनतो ना! तुझ्याच डोक्यासाठी हाय!" काकी घाबरून पेला तोंडाला लावायच्या आणि आबांची पाठ वळली की अंगणातल्या मांजरापुढे ओतायच्या. मांजर गुबगुबीत झालं. त्याची स्मरणशक्ती तर इतकी सुधारली की ताकाच्या वेळा त्यानं एकदाही चुकवल्या नाहीत. काकींच्यात फरक पडेना म्हणून आबा आणखी ओरडायचे. भिंतीपलीकडून ते ऐकताना मला कधीकधी जाऊन त्यांच्या डोक्यावर ताकाचं पातेलं उपडं करावंसं वाटे.

एकदा डॉक्टरीणबाईंकडे त्यांनी नवीनच विषय काढला. गाय रवंथ करायची थांबली, चारा सोडला, की आबा काय करत? धडधाकट गाईच्या तोंडातला रवंथाचा घास काढून आजारी गाईला चारत. तिच्या पोटात चांगले जंतू जात आणि पुष्कळदा गाय उभी राही.

"मग हिला का न्हाय?" आबा टेबलावर वाकून म्हणाले. "द्या की कुणाच्या तरी पोटातलं. माझ्या पोटातलं घ्या! माझं पोट एक नंबर हाय. कान लावून बघा पायजे तर."

बाईंनी कान लावला नाही. पण हसल्याही नाहीत, याबद्दल मी त्यांची आभारी आहे. त्या म्हणाल्या, "आतड्याच्या एका विशिष्ट आजारात असा उपचार मोठ्या दवाखान्यात करतात, आबा. पण काकींच्या आजारावर त्याचा उपयोग होतो, असं अजून सिद्ध झालेलं नाही. धोकाही असतो. मी ते करायला सांगणार नाही."

"व्वा!" आबा उठले. त्यांचा आवाज बाहेर बसलेल्या पेशंटांपर्यंत गेला. "गाईला मिळतं त्ये बाईला मिळत न्हाय! हे तुमचं शास्त्र!"

आणि याच रागात ते फसले. इंदापुरात एका मंगल कार्यालयात शिबिर होतं. "पोट शुद्ध तर मेंदू तल्लख" असा फलक. मला न सांगता आबा काकींना घेऊन एसटीनं तिथे गेले आणि कसलीशी पावडर घेऊन आले. मेंदूतला कचरा आतड्यावाटे निघून जाईल, असं त्यांना सांगितलं होतं. आधी निघालं काकींच्या अंगातलं पाणी. जुलाब थांबेनात. काकींना डोळे उघडवेनात, तोंडातून शब्द फुटेना. बारामतीला दाखल करून सलाईन लावावं लागलं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात मी आबांना वाट्टेल ते बोलले. "गुराला तरी अशी बिनानावाची पावडर दिली असती का तुम्ही? लेबल वाचलं असतं, मालकाला दहा प्रश्न विचारले असते. आणि घरच्या माणसाला?"

मला वाटलं, उलटून येतील. आले नाहीत. खाली मान घालून म्हणाले, "त्यो बरी हुईल म्हनला. बाकी कुणी म्हनतच न्हाय."

काकी सुखरूप घरी आल्या, मात्र आधीपेक्षा जास्त हरवलेल्या. अशक्तपणा ओसरला की थोडं सावरतील, तोवर वाट बघा, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. तेच शिबिर इंदापुरात पुन्हा भरलं, तेव्हा आबा म्हणाले, "मला सोड तितं." मी म्हटलं, "सोडत नाही. बरोबर येते." काकींपाशी माझ्या सासूबाई बसल्या.

कार्यालय भरलेलं होतं. स्टेजवर कोट घातलेला एक तरुण आतड्यांचं चित्र दाखवत होता. आबा सरळ मधल्या वाटेनं स्टेजवर चढले.

"ह्या पुडीत कुठला जंतू हाय? नाव सांग."

"आबा, प्रश्नोत्तरं शेवटी—"

"नाव सांग! तुझं न्हाय, जंतूचं!"

लोक हसले. तरुणानं "नैसर्गिक" असा एक शब्द उच्चारला. आबांनी टेबलावरचा पावडरीचा डबा उचलून हॉलकडे तोंड केलं. "माझ्या बायकूला मी ह्ये पाजलं. पाण्यावाचून वाळली ती. ह्यानं कुणाचं डोकं ताळ्यावर यायचं न्हाय. घेऊ नका. डोळं झाकून मी घेतलं, तुमी घेऊ नका!" आयोजकांची माणसं त्यांना उतरवायला धावली. मीही पुढे झाले, माझं कॉलेज सांगितलं आणि पावडरीत काय आहे ते लेखी द्या म्हणून मोठ्यानं मागणी केली. गोंधळ झाला. बरेच लोक उठून निघाले. कोटवाला मागच्या दारानं गेला.

इथे गोष्ट संपती तर बरं झालं असतं. पण बाहेर पायरीवर एक म्हातारी आबांपाशी आली. तिनं नवऱ्याचा हात धरला होता. तो गृहस्थ सगळ्यांकडे बघून सारखा नमस्कार करत होता.

"भाऊ, बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली. "पर मग आमी काय करायचं?"

आबांनी तोंड उघडलं. मी वाट बघत होते ताकाची, आंबिलीची, निदान शिवीची. आबा त्या गृहस्थाच्या नमस्काराला नमस्कार करत राहिले. शेवटी मीच बारामतीच्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता तिला दिला आणि आबांना गाडीत बसवलं. वाटेत आडवे आलेले ट्रॅक्टर त्यांनी बिनबोभाट जाऊ दिले.

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. काकी ओसरीवर बसल्या होत्या. आबांना पाहून त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"दादा! कवा आलास रं?"

काकींचे दादा म्हणजे त्यांच्या माहेरचा, कऱ्हाटीचा थोरला भाऊ. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली. काकी अशा चुकल्या की आबा खेकसायचे, "अगं मी हाय! मी!" मी मनाची तयारी केली.

आबा पायरीशी थांबले. म्हणाले, "आत्ताच."

"यष्टी मिळाली व्हय?"

"मिळाली."

"बस हितं." काकींनी आवाज खाली आणला. "एक सांगू का? ह्येंच्या कानावर घालू नगंस. ह्ये लई वरडत्यात माझ्यावर. माझं काय चुकलं त्ये मला कळत न्हाय, आन ह्ये वरडत्यात."

आबा त्यांच्याशेजारी बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मी बोलतो त्येंच्याशी."

"पर नीट बोल हां. वाईट न्हाईत रं त्ये. कशाला तरी भ्यालेत. जेवत बी न्हाईत धड."

"सांगतो त्येंला," आबा म्हणाले. "न्हाय वरडायचे आता."

काकींना बरं वाटलं. त्यांनी आबांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि विचारलं, यंदा कऱ्हाटीला पाऊस हाय का?

"हाय की," आबा म्हणाले. "बाजरी चांगली आलीया."