दिल्लीहून आलेली चावी

कांताताईंना खासदार मीच केलं! हसू नका. नगरसेविका असताना दिवा स्टेशनजवळच्या आमच्या बिल्डिंगच्या गेटसमोरचा पाण्याचा वॉल त्या पदर खोचून स्वतः उघडायच्या. चार फुटी लोखंडी चावी, भीमाच्या गदेसारखी! ती फिरवताना बघून मीच पहिल्यांदा म्हटलेलं, "ही बाई दिल्लीला जाणार." आणि गेल्या की!

सत्काराला शाल-श्रीफळ सगळेच देतात. मी सोसायटीचा चेअरमन. तीच चावी घासूनपुसून, रिबीन बांधून भेट दिली. टाळ्या अशा पडल्या की मुंब्र्याच्या डोंगरावरची माकडं उठून बसली! वॉलमन बिचारा तेव्हापासून पान्यावर काम चालवतोय.

दोन महिन्यांनी, बरोब्बर तळमजल्यावरच्या अक्षदाच्या हळदीच्या आदल्या दिवशी, बिल्डिंगचं पाणी गायब!

"चेअरमन," अक्षदाची आजी हौसाबाई कडाडली, "उद्या दीडशे माणसं येतायत. हळद लागलेली पोरगी काय टॉवेलने पुसू?"

"वॉल अडकलाय," मी छातीठोक सांगितलं. "त्याला ओरिजिनल चावीच लागते. थांबा, खासदारांनाच फोन लावतो."

"लावा, लावा! दिल्लीत तुम्हाला कुत्रं विचारत नाही."

पहिल्याच रिंगला उचलला!

"बोला काका."

"ताई, उद्या अक्षदाची हळद आणि पाण्याचा थेंब नाही. चावी तुमच्याकडे!"

"येते. तोवर कशाला हात लावू नका."

अहो, संध्याकाळी हजर! विमानतळावर म्हणे जवानाने विचारलं, "मॅडम, ये कौनसा हथियार है?" ताई म्हणाल्या, "पानी का!" त्याने कडक सॅल्यूट ठोकला.

गल्ली गच्च भरली. खासदारबाईंनी पदर खोचला, चिखलाच्या खड्ड्यात उतरल्या, चावी लावली, जोर केला. हलेचना! का हलेल? वॉल आधीच पूर्ण उघडा होता.

हौसाबाईने माझ्याकडे असं बघितलं की मी उभ्या उभ्या दोन इंच बुटका झालो.

ताई सरळ जिन्याखालच्या टाकीपाशी गेल्या. मी मागोमाग. तिथला एवढासा कॉक त्यांनी दोन बोटांनी फिरवला. सुर्रर्र! टाकीत पाण्याची धार!

"काका," त्या हळूच म्हणाल्या, "हा बंद कोणी केला?"

रविवारी टाकी मीच उभं राहून धुऊन घेतलेली. कॉक मीच बंद केलेला. वरच्या टाकीतल्या पाण्यावर तीन दिवस निघाले, आणि उघडायचं मी साफ विसरलो!

ताई बाहेर आल्या. गल्ली श्वास रोखून उभी.

"लाईनमध्ये हवा धरलेली," त्यांनी जाहीर केलं. "काकांनी वेळेवर कळवलं म्हणून बरं!"

टाळ्या! त्याही मला! पापणी न हलवता एवढी थाप, आणि तीही दुसऱ्याच्या अब्रूसाठी! ही बाई अजून वर जाणार, लिहून ठेवा.

फक्त एक झालं. निघताना त्यांनी गल्लीची चावी गल्लीला परत केली. मी ऐटीत दोन्ही हात पुढे केले.

ताईंनी ती हौसाबाईच्या हातात दिली.