अब्बासचाचांचा घोयरा जेवत नाही

आमच्या कॅम्पात अब्बासचाचांना सलाम केला की सलाम परत येतो आणि त्याच श्वासात प्रश्न येतो, "खाल्लंस?" हो म्हटल्यानं सुटका होत नाही. "काय खाल्लंस? नाव सांग." नाव सांगितलं की, "किती?" एकदा नवा सुपरवायझर कॅम्प बघायला आला होता. चाचांनी त्यालाही हिंदीत हेच विचारलं. तो बिचारा गोंधळून "दो अंडा" म्हणाला, तेव्हा कुठे चाचांनी मान डोलावून त्याला पुढे जाऊ दिलं.

चाचा बाणकोट खाडीकडचे. अल खर्जच्या एका डेअरी फार्मवर दुधाच्या टाक्या थंड ठेवायचं काम ते बावीस वर्षं करताहेत. मी सातारचा, तिथेच स्टोअरला आहे आणि गेली तीन वर्षं त्यांचा रूममेट. सगळा जन्म थंडाव्यात गेल्यामुळे जगातली कुठलीही वस्तू गरम झाली की नासते, असा त्यांचा ठाम समज. त्यामुळे खोलीतला एसी कायम अठरावर. बाहेर रस्त्याचं डांबर वितळतंय आणि आत मी दोन ब्लँकेटं घेऊन बसलोय, असा माझा सौदीतला संसार.

गेल्या उन्हाळ्यात मालकानं बागेसाठी दक्षिणेकडच्या जिझानहून आंब्याची कलमं मागवली. कोकणातला माणूस म्हणून चाचा ती तपासायला गेले. "आंबा कसला, पाला आहे नुसता," असा निकाल देऊन परत आले तेव्हा त्यांच्या हातावर बोटाएवढं हिरवं पिल्लू होतं. करंगळीला शेपूट गुंडाळलेली, डोळे गरागरा फिरताहेत. मी सरडा म्हणालो तर चिडले. "सरडा काय? घोयरा म्हण, रंग बदलतो तो. आमच्याकडे करवंदीच्या जाळीत असतात. कलमाबरोबर आलाय बिचारा, घरचं कोण नाय त्याला."

पहिले दोन दिवस घोयरा माझ्या स्टोअरच्या खिडकीत होता. चाऱ्याच्या शेतातले बारके नाकतोडे पटापट जिभेनं उचलायचा. मग चाचांनी दुधाच्या क्रेटला जाळी लावून त्याचा पिंजरा केला, त्याला प्रेमानं खोलीत आणला, एसीच्या बरोबर खाली ठेवला, आणि त्याचं खाणं बंद झालं.

इथून पुढे काय काय झालं ते मला नीट समजलं होतं असा माझा दावा नाही. आमचा केरळचा कुक म्हणाला, रोज रोज एकच मेनू दिल्यावर कोण खाईल? म्हणून चाचांनी मोठे नाकतोडे आणले. ते घोयऱ्याच्या डोक्याहून मोठे होते. घोयरा मागे सरकून कोपऱ्यात गेला. एकटा पडला असेल म्हणून चाचांनी आपला दाढीचा आरसा आत ठेवला. घोयरा काळा पडला. तहान लागली असेल म्हणून वाटीभर पाणी ठेवलं. त्यानं वाटीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शेवटी चाचा स्वतःच जाळीला नाक लावून बसले, "खा रे माझ्या राजा, एक घास." घोयऱ्याचा एक डोळा चाचांकडे आणि दुसरा माझ्याकडे. यातला कुठला डोळा मदत मागत होता, मला कळेना.

पाचव्या दिवशी चाचा क्रेट उचलून गाईंच्या मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, डॉक्टरकडे गेले. मागोमाग मी. डॉक्टर आधी पोटभर हसला. मग त्यानं घोयऱ्याचे खोल गेलेले डोळे पाहिले आणि त्याचं हसू थांबलं. अरबी, हिंदी आणि इंग्रजीच्या खिचडीत त्यानं सांगितलं ते असं: हा गार पडला की याच्या पोटातलं पचत नाही, मग भूक कुठून लागणार? एसी बंद करा, ऊन द्या. पाणी वाटीत नको, पानांवर शिंपडा, तो थेंब पितो. नाकतोडे बारके द्या. आरसा काढा, त्याला वाटतं दुसरा घोयरा भांडायला आलाय. "आणि तू," डॉक्टरनं चाचांच्या छातीवर बोट ठेवलं, "तू बघत बसू नको. खलास, पुरे. दोन-चार दिवसांत खाल्लं नाही तर वाचणार नाही."

 परत खोलीच्या दाराशी आल्यावर चाचा म्हणाले, "म्हणजे मी मायेनं केलं ते सगळंच उलटं?" 

त्यांनी आत जाऊन एसी बंद केला. बावीस वर्षांत पहिल्यांदा, असं कुक नंतर सगळ्यांना सांगत होता. आरसा निघाला, आत पानांची एक फांदी आली आणि क्रेट खिडकीत गेला. माझी ड्यूटी दोनला सुटायची, चाचांची सहाला. तेव्हा दाराच्या फटीतून बघायचं आणि चाचांना फोनवर कळवायचं, हे काम माझ्याकडे आलं. दर तासाला फोन यायचा. "खाल्लंन?"

"नाही, चाचा."

दोन दिवस मी त्या भट्टीत शिजलो. तिसऱ्या दिवशी माझं डोकं फिरलं. एक एवढासा प्राणी आणि त्याच्यापायी माझा उकडून बटाटा! चारच्या फोनला मी सरळ सांगून टाकलं, "खाल्लं चाचा. दोन खाल्ले." म्हटलं, आता तरी एसी लागेल.

चाचा सहाऐवजी साडेचारलाच आले, धापा टाकत. जाळीपाशी वाकले आणि नाकतोडे मोजले. सकाळी पाच सोडले होते. पाचच्या पाच होते.

मला वाटलं, आता शिव्या पडणार. चाचा पलंगावर बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

"सायरा माझी, लहान होती ना, मी सुट्टी संपवून इकडे आलो की जेवायची नाय. चार चार दिवस. मी फोनवर विचारायचो, पोरीनं खाल्लंन? घरची म्हणायची, हो, खाल्लंन. दर सुट्टीला असंच. तिच्या लग्नात तिच्या खालानं, मावशीनं, हसत हसत खरं काय ते सांगितलंन सगळ्यांना. सगळे हसले. मी पण हसलो." थोडा वेळ ते टोपी चाचपत राहिले. "माझ्या जिवाला घोर नको म्हणून घरची तसं बोलायची, मला कळतं. पण मी इकडे पोटभर जेवत होतो, विलास."

मला इतकी लाज वाटली की उकाडा जाणवेनासा झाला.

दुसऱ्या दिवशी चारला फोन वाजला. घोयरा फांदीवर तसाच बसला होता. "नाही खाल्लं, चाचा," मी म्हणालो. पलीकडे टाक्यांची मोटर घरघरत होती. "बरं," चाचा म्हणाले. "सांगितलंस ते बरं केलंस."

त्याच्या पुढच्या दिवशी, तीनच्या सुमाराला, मी फटीला डोळा लावून घामाघूम उभा होतो. घोयऱ्यानं पानावरचा थेंब चाटला. मग त्याचे दोन्ही डोळे एकदम एकाच दिशेला वळले, आणि जीभ सुटली. एक नाकतोडा गेला. थोड्या वेळानं दुसरा. मी फोन येईपर्यंत थांबलो नाही, मीच लावला.

चाचा सहाला, आपल्या वेळेवर आले. पुरावा लागेल म्हणून मी मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवला होता, तो हातात घेऊनच उभा राहिलो. त्यांनी हातपाय धुतले. खिडकीकडे लांबूनच एकदा पाहिलं, जवळ गेले नाहीत. नाकतोडे मोजले नाहीत.

"तू खाल्लंस?" त्यांनी मला विचारलं.

"हो, चाचा."

मी खबूस रोटी, डाळ, दोन कांदे, सगळी यादी तयार ठेवून थांबलो. चाचांनी नुसतं "बरं" म्हटलं, आणि सायराला फोन लावला.